दुर्गावन्संच्या उशाशी समुद्र

आमच्या ह्यांच्यासारखा हट्टी माणूस ठाकूरद्वारात दुसरा नसेल. नाव श्यामकांत, विम्याच्या कचेरीत कारकून, आवाज कधी चढायचा नाही. म्हणूनच जास्त वैताग. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

त्यांची धाकटी बहीण दुर्गा, माझी नणंद. विसाव्या वर्षी पाठीच्या हाडाचा क्षय झाला. डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सांगितलं, वर्षभर उताणं पडायचं. रोज संध्याकाळी चौपाटीवर जाणारी मुलगी ती. दिवाळीनंतर तिने जेवणच टाकलं. दोन घास खायची आणि तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, हिला जगायचंच नसेल तर माझ्या औषधाने काय होणार? ते ऐकून ह्यांनी ठरवलं, दुर्गाला समुद्र घरी आणून द्यायचा.

मी म्हटलं, ‘‘अहो, दोन खोल्या आहेत आपल्या!’’

ऐकतायत कसले! मरीन ड्राइव्हच्या मत्स्यालयात एका माणसाला गाठून चार रविवार त्याचं डोकं खाल्लं. मग तसबिरी मढवणाऱ्याकडून सागवानी चौकटीची काचेची पेटी करून घेतली. चौपाटीहून दोन माठ पाणी कावडीने आणायचे. आख्खी चाळ हसायची. ‘‘काय श्यामकांत, गंगा आणलीत का?’’ हे हसून जिना चढायचे आणि वर आल्यावर पाचपाच मिनिटं भिंतीला टेकून उभे राहायचे. खांदे सोलवटलेले. तेल कोणी लावायचं? मीच!

ओहोटीला जाऊन शेवाळलेले दगड आणले. तीन आठवडे पेटीत नुसते दगड नि पाणी. आधी पाणी मुरू दे, मग जीव सोडायचे, असं त्या माणसाने बजावलं होतं. सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरायची, ती बारीक नळीने पाण्यात सोडायची. सकाळ-संध्याकाळ पंप मारणार हे, आणि हे कचेरीत गेले की मी. स्वयंपाक, वन्संचं अंथरूण, वर हा पंप. खरं सांगते, मी पार विटले होते.

मग दोन शंखातले खेकडे आले, तीन पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा उमलणारा जीव. ते उमललं त्या दिवशी वन्सं पोळी खाता खाता म्हणाल्या, ‘‘वहिनी, अजून अर्धी द्या.’’ हे आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले.

जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. हरताळ होणार म्हणून ह्यांनी जास्तीचं पाणी आणून ठेवलं. त्यातला एक माठ झिरपायला लागला. कचेरीत जाता जाता हे म्हणाले, ‘‘लोणच्याची बरणी रिकामी कर आणि त्यात ओत.’’ वर्षाचं लिंबाचं लोणचं! माशांसाठी मी ते काढू? छे! तांब्याचा हंडा चिंचेने लखलखीत घासला आणि त्यात ओतलं. आपण पिण्याचं पाणी ठेवतो, तेव्हा ह्याला काय धाड भरणार?

नंतर चार दिवस संचारबंदी. खाली गोळीबार, दारंखिडक्या बंद. पेटीतलं पाणी गढूळलं तेव्हा मी मोरीतून हंड्यातलं माठात गाळून आणून दिलं आणि ह्यांनी ते पेटीत ओतलं. जरा हिरवट दिसत होतं, पण समुद्र हिरवाच असतो की! दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाचा गोळा झालेला, खेकडे शंखाबाहेर पडलेले, मासे तरंगत होते. वन्संनी ताट सरकवलं.

संचारबंदी उठल्यावर हे मत्स्यालयात जाऊन आले. हळूच मला विचारलं, ‘‘पाणी कशात ठेवलं होतंस?’’ मी सांगितलं. तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि असे जीव मारतं, एवढंच म्हणाले. मोरीत बसून हंडा स्वतः घासला. मग वन्संना सांगितलं, ‘‘माझीच चूक, दुर्गा. गटाराच्या तोंडाजवळचं पाणी आणलं मी.’’

वन्संनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. हे रोज कचेरीतून येऊन त्यांच्या उशाशी बसायचे, काहीबाही सांगायचे, आणि वन्सं छताकडे बघायच्या. मी पोळ्या लाटत ऐकायची. तोंड उघडलं नाही. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर, माझ्यावरचा ठपका टळला म्हणून बरंही वाटत होतं.

आठव्या दिवशी वन्संनी दूधही नको म्हटलं. माझा धीर सुटला. ‘‘वन्सं, मी मारलं हो ते सगळं. हंड्यात मी ठेवलं होतं पाणी.’’

‘‘ठाऊक आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथून मला मोरीच दिसते. दादाने जन्मात कधी भांडं घासलंय? मी त्याच्यावर रागावलेच नव्हते, वहिनी. तुम्ही त्याला अजून किती दिवस भोगायला लावता, ते बघत होते.’’ मग हात पुढे केला. ‘‘आणा ते दूध.’’

संध्याकाळी हे आले. मी दारातच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आज तरी ओरडतील.

‘‘दुर्गा बोलली?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बोलल्या. दूधही प्याल्या.’’

‘‘मग झालं,’’ म्हणाले आणि चपला न काढताच उंबऱ्यावर बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.