नेल्डाचा पहिला पट्टा

नेल्डा क्रचफील्डने चौसष्ट वर्षांत कधी स्वतःसाठी पट्टा घेतला नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला, तिथे इलॅस्टिकची पँट बरी. वाकता येतं, पातेली उचलता येतात, आणि स्वतःच केलेलं पीच कॉबलर चाखता चाखता कंबर कुठवर पोचली याची कुणी चौकशी करत नाही. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे एकच काम उरलं, रविवारी चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारायची. ते काम तिने जीव गेला तरी कुणाला दिलं नसतं. नवरा रॉइस गेला, त्याच्या पुढच्या रविवारीही ती दारात होती. लोक तिचं सांत्वन करायला आले आणि तिच्याच खांद्यावर रडून गेले.

पलीकडच्या काउंटीतल्या एका चर्चमध्ये कुणी माथेफिरू शिरला, तेव्हापासून पास्टर व्हिटेकरांना दारात पिस्तूल बाळगणारं माणूस हवं होतं. बाप्यांनी मिशा पिळल्या. पण नेमबाजीत नेल्डाचा हात धरणारा गावात कुणी नाही. खुराड्यात शिरलेला साप तिने एकही अंडं न फोडता टिपला होता. तेव्हा दारही तिचं आणि पिस्तूलही तिचंच. अट एकच, ते कुणाला दिसता कामा नये आणि मिठीत कुणाच्या हाताला लागता कामा नये. माणसं देवाच्या दारी येतात, पोलीसचौकीत नाही.

पहिल्याच रविवारी मिस युला मे आल्या. नव्वदी गाठलेली, नजर जवळजवळ गेलेली, माणसं हातांनीच ओळखायच्या. त्यांनी नेल्डाला कवेत घेतलं आणि भर दारात विचारलं, "पोरी, कमरेला हे काय खोचलंयस? मक्याचं कणीस?"

हशा पिकला. पास्टर मात्र हसले नाहीत. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर नेल्डा, पुढच्या रविवारी पुन्हा असं झालं, तर तुम्हाला पार्किंगमध्ये उभं करावं लागेल."

"तिथे मी मिठ्या कुणाला मारू? ट्रकांना?"

"ट्रक तक्रार तरी करणार नाहीत."

सोमवारी सकाळी ती हार्लन टीगच्या खोगिरांच्या दुकानात हजर. हार्लन तिच्याच वर्गातला. अख्ख्या पंचक्रोशीला पट्टे शिवून देणारा हा माणूस स्वतः मात्र पट्ट्याऐवजी गॅलस, खांद्यांवरून पँट धरणाऱ्या पट्ट्या, लावायचा. त्यातून भयंकर लाजरा. मिठी चुकवायला चर्चमध्ये कायम बाजूच्या दाराने यायचा.

"पट्टा हवाय," नेल्डा म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

हार्लनने चष्म्यावरून पाहिलं. "तुला कंबर आहे?"

"आहे. कुठे आहे ते तुला शोधायचंय."

मग तिने कार्डिगन वर केलं. कमरेला रॉइसचा जुना पट्टा, मागे त्याचं नाव कोरलेलं, खिळ्याने पाडलेली नवी भोकं. पँटच्या आत होल्स्टर, त्यात पिस्तूल.

"रिकामं आहे ना?"

"अरे, मी स्वयंपाकीण आहे, वेडी नाही."

हार्लनने पट्ट्याला बोट लावलं. "मऊ पडलाय हा. वजन आलं की बाहेर लवतो, पिस्तुलाची मूठ अंगापासून सुटते, आणि कपड्यावर तिचा ठसा उठतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं; पण ती झाकून धरणाऱ्यातही दम हवा. आता नेल्डाचं कुतूहल जागं झालं. खुंटीवरचे पट्टे काढून एकेकाचं टोक धरून ती आडवा धरायला लागली, शेवया शिजल्या का बघावं तशी.

"हा मान टाकतो. हापण. आणि हा का नाही टाकत?"

"दोन कातड्यांच्या मध्ये कडक पट्टी शिवलीय."

"म्हणजे खोगीरभरती."

"खोगीरवाल्याकडे आणखी काय मिळणार?"

तिने तो लावून पाहिला. पिस्तूल अंगाला चिकटलं, पण पट्ट्याची वरची कड कमरेपासून सुटून उभी राहिली. तिने त्या फटीत हात घातला. "हार्लन, यात कॉबलरचा वाडगा मावेल."

"तो बाप्यांचा आहे. बाप्या म्हणजे ओंडका, वरपासून खालपर्यंत सरळ. तुझी घडण..." तो थांबला. कान लाल झाले.

"बोल की. घडण कशी?"

"कमानीसारखी," तो हातातल्या मापाच्या टेपकडे बघत म्हणाला. "पट्टाही तसाच कमानीत कापावा लागेल."

"पँटवर अठरा नंबर लिहिलाय."

"पँटवरचे नंबर खोटं बोलतात. माप होल्स्टर खोचूनच घ्यायचं. आत पाहुणा आहे, त्याचीही जागा धरायला नको?" सवयीने त्याने पुढे विचारलं, "मागे नाव कोरू?"

"लपवायचं आहे म्हटलं ना."

शुक्रवारी पट्टा तयार झाला. मध्यम तपकिरी, कमानदार, ताठ. नेल्डा आरशासमोर वाकली, वळली, बसून उठली. मग म्हणाली, "आता इकडे ये. मिठी मारल्याशिवाय कळणार कसं?"

हार्लनने दुकानभर नजर फिरवली. कुणी नव्हतं. तो आला, लाकडासारखा.

"तुझे हात वर, माझे खाली. असे. लागतंय?"

"काय?"

"पिस्तूल."

"कुठलं पिस्तूल?" हार्लन म्हणाला, आणि जरा वेळ तिथेच राहिला.

रविवारी नेल्डा आपले हात खालून घालायची, म्हणजे लोकांचे आपसूक तिच्या खांद्यांवर जायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मिस युला आल्या. इतक्या बुटक्या, की त्यांचे हात खांद्यापर्यंत पोचतातच कुठे. ते थेट कमरेवर आले. पास्टर हातातली वही मिटून बघत राहिले. म्हाताऱ्या बोटांनी पाठीपासून कुशीपर्यंत पट्ट्याची कड चाचपली, पुन्हा मागे गेली.

"पोरी, पट्टा लावलास?"

"हो, मिस युला."

"ह्या वयात कंबर आवळलीस." त्यांनी नाक जवळ नेऊन नव्या कातड्याचा वास घेतला. "कोण आहे तो?"

पास्टर हसत हसत आत गेले. पार्किंगचं नाव पुन्हा निघालं नाही. मिस युलांच्या मागे हार्लन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नवे गॅलस, कान तांबडे.

"मी आपला बाजूच्या दाराने..." तो पुटपुटला.

"गप्प ये इकडे," नेल्डा म्हणाली. "हात वर ठेव."