दाताखालची सुपारी

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला कडक भाकरीच्या पुड्यात केस सापडला. त्याने फोनवर आरडाओरडा केला आणि पुडा परत पाठवून दिला. आमच्या मालकिणीने, अक्काने, तो केस चिमटीत धरला, आम्हा सगळ्या बायकांना तव्यांवरून उठवलं आणि भिंतीला रांगेत उभं केलं. मग कुणाकडेही न बघता ती सरळ माझ्यापाशी आली आणि माझ्या डोक्यावरचा पदर खसकन ओढला.

"केस कुणाचा हे इचारायचंच न्हाई," ती म्हणाली. "जिचं गळतंय तिचाच."

माझ्या टाळूवर तळहाताएवढी जागा मोकळी होती. गुळगुळीत, पांढरट, चकाकणारी. बायकांना माहीत होतं. पण पदराखालचं माहीत असणं वेगळं आणि उजेडात उघडं पाडणं वेगळं. पुढे दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, तीही वाकून बघायला लागली. एक पोरगी आईच्या मागे लपली.

अक्काने तो केस माझ्या नाकासमोर नाचवला, म्हणून मला फार नीट दिसला. तांबूस होता. मेंदीचा. आमच्यात मेंदी लावणारी एकच बाई होती आणि तिनेच तो चिमटीत धरला होता. सगळ्यांना दिसलं असणार. कुणी बोललं नाही. मीही नाही.

"टकलीच्या हातची भाकरी कोण खाणार?" अक्का म्हणाली. "अवसेला ओट्यावर बस. ह्या बारीला नीट बस. तवर आत यायचं न्हाई. मागं बसून भांडी घास."

सोलापूरच्या भवानी पेठेत पुढे अक्काचं घर आणि दुकान, मागे पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने तवे. आम्ही बायका ज्वारीच्या भाकरी थापायचो, मंद आचेवर कडक होईपर्यंत शेकायचो, पुड्यांत भरायचो. मी मूळची मैंदर्गीकडची. लग्न होऊन सोलापुरात आले, नवरा दुसऱ्याची रिक्षा चालवतो. माझ्या हातची भाकरी पापडासारखी पातळ व्हायची. खास गिऱ्हाइकांचे पुडे अक्का माझ्याकडूनच करून घ्यायची. टक्कल पडल्यावर हात बदलले नव्हते. तरी मी भांड्यांवर गेले.

सुरुवात खाजेने झाली होती. तव्याची झळ बसते, घाम मुरतो, म्हणून खाजतं, असं मला वाटायचं. मग आग व्हायला लागली. केसांना नुसता हात लागला तरी मूळ ठणकायचं. केसांच्या बुडाशी लालसर, खरखरीत खपली धरायची. फणीत केस यायचे ते बुडखासकट. एक दिवस मधोमध रुपयाएवढी जागा रिकामी झाली.

अक्काने ती पाहिली आणि लगेच निकाल दिला. "चाई हाय. घाबरू नगं. आपल्या हाताला गुण हाय."

अक्काच्या हाताचा गुण सगळ्या पेठेला ठाऊक होता. तिच्या सासऱ्यांपासून चालत आलेला. दर अमावास्येला सकाळी तिच्या घराच्या ओट्यावर चाईवाल्यांची, म्हणजे डोक्यावर असे केस गेलेले चट्टे पडलेल्यांची, रांग लागायची. अक्का पैसे घ्यायची नाही. फक्त नारळ. त्यामुळे तिला काही विचारायची कुणाची हिंमत नव्हती. फुकट देणाऱ्याला कोण विचारतो?

उपाय असा. उपाशीपोटी ओट्यावर बसायचं. अक्का मोकळी जागा गोणपाटाने घासणार, रक्ताचे बारीक टिपके येईपर्यंत. मग दाभणाला टोचलेला बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर धरणार, त्याचं काळं तेल चर्र करायला लागलं की त्या जागेवर टेकवणार. बसणाऱ्याने तोंडात सुपारी धरायची. तोंडातून आवाज निघाला की गुण गेला. नंतरही किती जळालं ते कुणाला सांगायचं नाही. दवाखान्याचं औषध घ्यायचं नाही. औषधाला औषध चालत नाही, असा नियम.

मी दोनदा बसले. दोन्ही वेळा सुपारी दाताखाली धरली. पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा सुपारीचे दोन तुकडे झाले, पण आवाज काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. घरी गेल्यावर डोक्यावर फोड आले, पाणी वाहिलं, खपली धरली. खपली पडली तेव्हा खालून गुळगुळीत चामडी निघाली आणि जागा आधीपेक्षा मोठी झाली होती. मी गप्प राहिले. नियमच होता.

भांडी घासायला बसवल्यावर मला एक फायदा झाला. दुपारी मला कुणी शोधत नव्हतं. मी भांडी पालथी घातली आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. तिने भिंगातून मोकळ्या जागेभोवतीची केसांची कड बघितली. मग विचारलं, "दुखतं का?"

मला रडू आलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. अक्काने नाही, नवऱ्याने नाही. मी म्हणाले, "दुखत न्हाई बाई, जळतंय."

तिने डोक्याच्या कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला, टाका घातला. टाका काढायला गेले तेव्हा रिपोर्ट आला होता. ती म्हणाली, "ही चाई नाही. चाईत केसाचं मूळ जिवंत असतं. ते केस पुष्कळदा आपोआपच परत येतात. तुमच्या आजारात मूळच मरतं आणि तिथे वण होतो. वणावर केस उगवत नाही."

आपोआपच परत येतात. अक्काच्या हाताचा गुण मला त्या खुर्चीवर कळला.

"गेलेले येतील का?" मी विचारलं.

"नाही."

"बिब्ब्यानं गेले का?"

"किती रोगाने गेले आणि किती बिब्ब्याने, ते आता सांगता येणार नाही. पण कड अजून जिवंत आहे. आतली आग थांबली तर ती वाचेल. परत बिब्बा लावला तर तीही जाईल."

तिने डोक्यात बारीक सुयांनी इंजेक्शनं दिली. गोळ्या दिल्या, त्या सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यायला लावले. लावायचं औषध दिलं. बरेच महिने घ्यावं लागेल, मधेच सोडायचं नाही, असं दोनदा बजावलं.

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने भाकरी मोडली. मग म्हणाला, "अक्काला दुकवू नगं. एकदा बस की. थोडंसं तर लावती."

थोडंसं. माझं डोकं त्याने तरी जवळून पाहिलं होतं. मला त्याचा राग आला, आणि त्याच्याहून जास्त भीती वाटली. कारण तो सांगत होता ते सोपं होतं. एकदा बसायचं, दात आवळायचे, परत तव्यावर जायचं. कडेचे केस आता आजाराच्या नाही, माझ्या पोटाच्या हातात होते. मी रोज सकाळी आरशात ती कड बघायचे आणि अमावास्या जवळ येत होती.

अमावास्येला मी ओट्यावर गेले. न जाऊन चालणार नव्हतं, अक्काने माणूस पाठवला होता. रांगेत माझ्या मागे टेंभुर्णीहून आलेली एक बाई बसली होती. माझ्याच वयाची. डोक्यावर छोटीशीच जागा, पदर घेतला की झाकेल एवढी. मी हळूच विचारलं, "आग हुती का?"

"लई," ती म्हणाली. "कंगवा लावू वाटत न्हाई. चाईत आसंच आसतंय म्हणं."

तिचं काय आहे ते मी कसं सांगणार? मी डॉक्टर नाही. पण ती माझेच शब्द बोलत होती.

तेवढ्यात माझी पाळी आली. शेडमधल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. अक्काने माझ्या हातात सुपारी ठेवली. मी ती तोंडात टाकली, सवयीने. दिवा लावलेला होता. दाभणावर बिब्बा टोचलेला होता. अक्का रांगेकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"हिला दोनदा लावलं. गुण आला न्हाई. का? तर हिनं तोंडातनं आवाज काडला. असल्या बायकांत सोसायचा दमच नसतोय. आपल्या हाताचं नाव खराब करत्यात."

गोणपाट माझ्या डोक्याला लागलं. कडेला, जिथे केस अजून होते तिथे.

मी सुपारी तोंडातून काढली आणि ओट्यावर ठेवली.

"मी आवाज काडला नव्हता," मी म्हणाले. "दोनी बारीला काडला नव्हता. आता काडतो."

अक्काचा हात तसाच वर राहिला. मी उठून उभी राहिले आणि पदर खांद्यावर टाकला. या वेळी तो मी स्वतः टाकला होता.

"ह्ये बगा. सगळ्यांनी बगा. ही चाई न्हाई. दवाखान्यात तुकडा काडून तपासलंय. हितं आता केस येत न्हाईत, कदीच येत न्हाईत. ज्येला आग हुती, ज्येला खपली धरती, त्यानं हितं बसू नका. आदी दवाखान्यात जावा."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती कधीच आवाज चढवत नाही. "मीठ खाल्लंस माजं. फुकट औषद दिलं. आजपासनं ह्या दारात दिसायचं न्हाई."

दारातल्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातली एक मला बहिणीसारखी होती. तिनेही घातली. मला तिचा राग येत नाही. तिचाही तवा तिथेच आहे.

मी ओट्यावरून उतरले. मागे वळून पाहिलं तर टेंभुर्णीची बाई उठली नव्हती. ती पुढे सरकली, माझ्या जागेवर बसली. अक्काने तिच्या हातात सुपारी दिली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुपारी तोंडात टाकली. मग दिव्यावर तेल चर्र झालं. तिने आवाज काढला नाही.

तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तिचं डोकं मात्र मला स्वप्नात दिसतं, दर वेळी थोडं जास्त उघडं.

आता मी घरीच तवा मांडलाय. काही गिऱ्हाइकं घेतात. काही जण डोक्याकडे बघून निघून जातात. जाऊ देत. मी पदर घेत नाही. मधली जागा तशीच आहे, तशीच राहणार. कड सध्या थांबली आहे. आग परत उठू शकते, असं डॉक्टरीणबाई सांगते, म्हणून मी रोज तिथे बोट ठेवून बघते. बोटाला गरम लागलं की दवाखाना गाठते. गोळ्या चुकवत नाही.

आणि दर अमावास्येला सकाळी मी भवानी पेठेत जाते. अक्काच्या दारात नाही, समोरच्या रस्त्याच्या कडेला. रस्ता काही अक्काचा नाही. रांगेत यायला निघालेल्या बायकांना मी थांबवते, मान खाली करून डोकं दाखवते आणि विचारते, आग होते का. काही जणी शिव्या घालतात. काही जणी आल्या पावली परत फिरतात. अक्काने माणसं पाठवून मला हटकलं, एकदा अंगावर पाणीही टाकलं. नवरा म्हणतो, पुरे झालं आता.

तोंडातून आवाज निघाला की गुण जातो, असं अक्का अजूनही सांगते. तिचा तो गुण जावा म्हणूनच मी तिथे उभी राहून बोलते. पुढच्या अमावास्येलाही बोलणार आहे, याहून मोठ्याने.