पांढऱ्या फरशीवरची काळी पूड

वाल्मिकचं काम सांगायला सोपं होतं. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत कारखान्यांतून रसायनांच्या भुकट्या यायच्या. त्या नुसत्या हवेनं पेटतात का, एवढंच त्यानं बघायचं. चमचाभर पूड छातीच्या उंचीवरून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर सोडायची आणि पाच मिनिटं नजर हलवायची नाही. पेटली नाही तर दुसरा चमचा. असं सहा वेळा. एकदा जरी पेटली, तरी तो माल साध्या गाडीतून जायचा नाही. वाऱ्यानं पूड उडू नये म्हणून पंखा बंद.

उधन्याला कापडाच्या लूमवर उभं राहून राहून पाय गेले, तेव्हा हे काम मिळालं. बघायचंच तर आहे, असं त्याला वाटलं होतं. आता बघणंच जड झालं होतं. दिवाळीपासून उजव्या डोळ्यावर साय धरली होती आणि डाव्याचाही भरवसा नव्हता. हे त्यानं घरी बायकोला, शोभाबाईलाही सांगितलं नव्हतं. बघायच्या कामावर आंधळ्याला कोण ठेवणार?

त्या दुपारी आलेली पूड निकेलची होती, कारखान्यात वापरून कामातून गेलेली. तिची पिंपं बाहेर धुडकूच्या टेम्पोत भरलेली होती. धुडकू वाल्मिकच्याच गावाकडचा, अमळनेरचा. माल नवापूरला टाकून तो तसाच गावी जाणार होता, म्हणून बायको कलाबाईही केबिनमध्ये बसली होती. तो सारखा खिडकीशी येई.

"काय भो, पूड देखी राह्यना का नवरी?"

वाल्मिक हसलासुद्धा नाही. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. सहाव्या चमच्याला फरशीच्या कडेला काही लाल हललं असं वाटलं. की ते डोळ्यातलंच? हल्ली दिव्याभोवतीही त्याला रंगीत कडी दिसायची. वाकून बघेपर्यंत तिथं काही नव्हतं.

"काका, थयुं?" पलीकडच्या टेबलावरून अपर्णाबेननं विचारलं. प्रयोगशाळा तीच सांभाळायची.

"झालं, बेन. आग नाही लागली."

तो बाहेर आला. धुडकू ताडपत्रीची दोरी आवळायला लागला. कलाबाईनं फडक्यातली भाकर पुढं केली. "भाऊ, सकायपासून उभा सेत. दोन घास खाई ल्या."

वाल्मिक केबिनच्या पायरीवर बसला. कलाबाईनं कपड्यांचं गाठोडं मागच्या पत्र्याला लावलं आणि त्यावर डोकं टेकलं. पत्र्याच्या पलीकडे पिंपं होती. वाल्मिकच्या तोंडात घास नुसताच फिरू लागला. थकलेला माणूस स्वतःची समजूत लवकर घालतो. दिसलं नाही म्हणजे नव्हतंच, असं त्यानं घोकून पाहिलं. मग उरलेली भाकर त्यानं फडक्यात परत ठेवली.

"थांब जरा," तो धुडकूला म्हणाला.

"आते काय राह्यनं?"

वाल्मिक आत गेला. "बेन, एकदा तुम्ही बघा."

"का? नाही लागली म्हणालात ना?"

"लागली की नाही, मला दिसलं नाही." मग खाली बघत तो म्हणाला, "दिवाळीपासून नीट दिसतच नाही."

"म्हणजे तेव्हापासूनचे सगळे..." अपर्णाबेन उठली. ठिणगी नीट दिसावी म्हणून तिनं दिवा मालवला. वाल्मिकनं पुडीचा पहिला चमचा फरशीवर सोडला. काही झालं नाही. दुसरा सोडला, आणि अपर्णाबेन ओरडली, "काका, लाल! पसरतंय!"

त्याला तांबूस डाग तेवढा दिसला. त्यानं अंदाजानं त्यावर वाळू ओतली.

पिंपं उतरवताना धुडकूचं तोंड थांबेना. "तुन्हा डोयासनी मन्ही फेरी खाई टाकी!"

"मंग तुमले पाठमा आग पाहिजे व्हती का?" केबिनमधून कलाबाई म्हणाली, तेव्हा तो पुढचं पिंप उतरवायला लागला.

निघताना अपर्णाबेन म्हणाली, "उद्या या. चमचा तुम्ही धरा, बघायला मी बसेन. दिवाळीपासूनचं सगळं परत काढावं लागेल." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तो त्याला रागापेक्षा जड गेला.

धुडकूनं वाट वाकडी करून त्याला उधन्याला घरापर्यंत आणलं. उतरताना वाल्मिकला पायरी दिसेना. एरवी तो कुणाला न विचारता पायानं चाचपत उतरायचा.

"धुडकू, पायरी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

धुडकू शिव्या घालत खाली उतरला, फेरा मारून पलीकडे आला आणि त्यानं वाल्मिकचा हात धरला.