बोगद्यात आलेला फोन

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत आलेय. खरं सांगू? वाचून हसायचे. मी आंब्याच्या कॅनिंग कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे. डबा फुगला तर तो का फुगला, हे सापडेपर्यंत आम्ही सोडत नाही. भुतंखेतं, भास, संकेत... यातलं काहीच मला कधी पटलं नाही. तरी हे लिहितेय, कारण याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

गोष्ट माझ्या बाळंतपणाची, रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलातली. तारीख उलटून गेली तरी कळांचा पत्ता नव्हता. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी दिसलं तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता थांबायला नको. औषध देऊन कळा आणू. पहिली वेळ आहे, एखादा दिवस लागेल, घाबरायचं नाही." त्याच संध्याकाळी आत जेल लावलं. कंबर दुखत राहिली, बाकी काही नाही. सकाळी सलाइनमधून औषध सुरू केलं आणि पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले. धडधड, धडधड... बरं वाटलं.

माझा नवरा महेश मुंबईला असतो. तो सकाळच्या गाडीने निघाला होता. माझ्याजवळ सासूबाई होत्या. माझा मोबाईल बंद करून मीच त्यांच्या पिशवीत टाकला होता.

कळा नुकत्या कुठे सुरू झाल्या होत्या. सिस्टर म्हणाली, "ठोके छान आहेत. पट्टा काढते, जरा फेऱ्या मारा." तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला.

"न्हाय रे... अजून कायच झालं न्हाय. ती हाय की समोर. असं काय बोलतोस?" त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं, आई?"

"काय न्हाय गो. तू पडून ऱ्हा."

मी फोन ओढूनच घेतला. पलीकडे महेश धापा टाकत होता.

"तू मला आत्ता फोन केलास ना?" त्याने विचारलं.

"माझा फोन बंद आहे. का? काय म्हणाले मी?"

मी ओरडले तेव्हा म्हणाला, "बाळ रडत नाहीये, म्हणालीस."

खेड यायच्या आधी लांब बोगदा लागतो. गाडी आत असताना त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर माझं नाव, कानात माझा आवाज. त्याला रडताना बघून समोरचा माणूस म्हणाला, "अहो, पण बोगद्यात रेंज कुठून आली तुम्हाला?" तेव्हा त्याने फोन बघितला. माझा कॉल आल्याची नोंदच नव्हती. खेड स्टेशनात गाडी थांबली आणि त्याने आईला फोन लावला.

सासूबाईंनी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. "टेन्शनमध्ये माणसाला काहीबाही ऐकू येतं," म्हणाल्या, आणि सिस्टरला सांगितलं, "पट्टा काढू नकोस. सतत चालू राहू दे."

त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. औषधाच्या कळा एकामागून एक येतात, मध्ये श्वास घ्यायलाही फट ठेवत नाहीत. पण मला दुखण्यापेक्षा त्या आवाजाची भीती वाटत होती. प्रत्येक कळेत मी दात आवळून ठोके ऐकत होते... आहेत ना? आहेत. मॅडमनी पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडली आणि थोड्याच वेळात ठोके मंदावले. धड... धड... मध्ये नुसती शांतता.

"डाव्या कुशीवर घ्या! सलाइन बंद! ऑक्सिजन लावा!" धावपळ झाली. ठोके वर येईनात. मला ऑपरेशनला घेतलं. पाठीत इंजेक्शन, समोर हिरवा पडदा, पोटात ओढाताण. मग कुणीतरी म्हणालं, "नाळ आहे गळ्यात, दोन वेढे." आणि मग काहीच नाही. ट्रेमधल्या हत्यारांचा आवाजसुद्धा नाही.

माझ्या तोंडून निघालं, "बाळ रडत नाहीये."

बोलले आणि अंगावर काटा आला. तेच शब्द. मी छताकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, रड ना... रड...

ती रडली. आधी मांजरीसारखी, मग सगळं हॉस्पिटल जागं होईल अशी. मॅडम नंतर म्हणाल्या, "पट्टा काढला असता तर कळायला उशीर झाला असता." एवढंच. फोनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण मुलगी बसायला लागली तेव्हा एके दिवशी महेशने उरलेलं सांगितलं. त्या फोनवर मी आणखी एक वाक्य बोलले होते. रडून नाही, अगदी शांतपणे.

"आता घाई करू नकोस, सावकाश ये."

मी तर हे कधीच बोलले नाही... माझी मुलगी रडली होती. मग हे कोण बोललं? कुठून बोललं? फोनवरच्या त्या बाईचं बाळ रडलंच नाही...?

मला माहीत नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा. मुलगी रडायला लागली की सासूबाई म्हणतात, "घे की गो तिला." मी घेते. पण लगेच गप्प करत नाही. थोडं रडू देते.