स्टोअरच्या दारावरचे दहा खिळे

आखातातल्या मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत आमच्या कंत्राटदार कंपनीचे साहित्याचे कोठार होते. त्याला सगळे नुसते स्टोअर म्हणत. त्याच्या लाकडी दाराच्या आतल्या बाजूला एकाखाली एक असे दहा खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्यावर एक बिन कार्ड लटकत असे. बिन कार्ड म्हणजे कप्प्यातल्या मालाची आवकजावक लिहिण्याचा जाड पिवळा पुठ्ठा. या दहा कार्डांवर मात्र व्हॉल्व किंवा गॅस्केट यांची नोंद नव्हती. त्यांवर अमेरिकन फुटबॉलचे दहा संघ होते, प्रत्येकाच्या शिरस्त्राणाच्या रंगावरून ओळखलेले. वरच्या खिळ्यावर त्या आठवड्याचा सर्वोत्तम संघ, तळाच्या खिळ्यावर दहावा. अकराव्याला खिळा नव्हता. त्याचे कार्ड टेबलाच्या खणात जाई.

ही व्यवस्था स्टोअरकीपरची होती. ते रत्नागिरीकडचे, पन्नाशी केव्हाच ओलांडलेले, आणि आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. आखाती युद्धानंतर पेटलेल्या तेलविहिरी विझवायला आणि यंत्रे दुरुस्त करायला जे अमेरिकन आले, त्यांच्यातल्या एका फोरमनने परत जाताना आपली हिरवी टोपी चाचांच्या काउंटरवर ठेवली होती. टोपीवर त्याच्या संघाचे चिन्ह होते. चाचांनी त्या संघाची चौकशी केली, मग खेळाची केली, आणि मी तिथे रुजू झालो तोवर त्यांना त्या खेळातले इतके कळत होते, की स्टोअरमध्ये अमेरिकन माणसेही त्यांच्याशी जपून वाद घालत.

वाद घालणारे मुख्यतः तिघे. चाचा, कामांचे वेळापत्रक आखणारा एक अमेरिकन प्लॅनर आणि नाशिकचा एक इन्स्ट्रुमेंट इंजिनीयर. प्लॅनर उंच, संथ बोलणारा, अतिशय सभ्य गृहस्थ होता. गावाकडे त्याचा भाऊ रविवारचे सामने टीव्हीवरून टेप करी आणि कॅसेट टपालाने पाठवी. त्या पोहोचायला तीन आठवडे लागत. तोवर वर्तमानपत्राचे खेळाचे पान उघडायचे नाही, असा आमचा दंडक होता. शुक्रवारी सुटीच्या दिवशी महबूल्यातल्या प्लॅनरच्या फ्लॅटवर आम्ही जमत असू. चाचा जुम्म्याची नमाज आटोपून, डब्यात तांदळाच्या भाकरी आणि तळलेली सुरमई घेऊन येत. ते येईपर्यंत प्लॅनर रिमोटला हात लावत नसे. शनिवारी आठवडा सुरू झाला, की दहाच्या चहाला दाराची कार्डे वरखाली होत.

मी चौथा. मी पुण्याहून गेलेला, वेल्डिंगची तपासणी करणारा इंजिनीयर. वयाच्या चाळिशीपर्यंत मी कोणताही चेंडू हौसेने हातात धरला नव्हता. प्लॅनरने एकदा आग्रहाने बोलावले, नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून गेलो आणि जात राहिलो. माझा कोणताही संघ नव्हता. माझे अक्षर बरे म्हणून कार्डांवरची नावे मी लिहून दिली होती, तेवढेच माझे योगदान.

त्या दारासमोर एक नियम होता, आणि तो मला आजही थोर वाटतो. आपल्या संघाचे कार्ड आपण वर चढवायचे नाही. ते दुसऱ्या कुणीतरी, कारण सांगून चढवायचे. खाली उतरवायची वेळ आली, तर मात्र ते ज्याचे त्यानेच उतरवायचे. हा नियमही चाचांचाच. नाशिककर चेष्टेत म्हणे, "चाचा, ही तुमची लोकशाही फार महाग आहे हो." चाचा म्हणत, "महाग असू दे. स्वस्तात वर गेलेलं कार्ड मला माझ्या दारावर नको."

मी सांगतो आहे त्या हंगामात चाचांच्या हिरव्या संघाचे कार्ड तिसऱ्या खिळ्यावरून निघाले आणि उतरतच गेले.

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हाती चेंडू प्रथम येतो आणि तीनचार सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे ठरवतो, तो खेळाडू. बाकीचे सगळे त्याला ते तीनचार सेकंद मिळवून देण्यासाठी अंगावर धक्के घेत असतात. हिरव्यांचा क्वार्टरबॅक अडतीस वर्षांचा होता. त्या खेळात हे वय फार होते, म्हणून नाशिककर त्याला म्हातारा म्हणे. हंगामाच्या पहिल्या भागात म्हाताऱ्याने सुंदर खेळ केला. मग त्याने फेकलेले चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात पडू लागले.

"चाचा, त्याला आता पेन्शनीत जाऊ द्या," नाशिककर म्हणे. त्याच्या खिशातल्या डायरीत प्रत्येक क्वार्टरबॅकचे सगळे आकडे बारीक अक्षरात टिपलेले असत. ते तो कॅसेट थांबवून थांबवून स्वतः मोजी, आणि त्यात कधी चूक सापडत नसे. "खांदा गेलाय त्याचा. आकडे बघा."

"आकडे बघितले मी. तुझे आकडे बरोबर आहेत."

"मग?"

"मग काय? उतरवतो ना मी," असे म्हणून चाचा उठत, आणि स्वतःच्या हाताने कार्ड एक खिळा खाली लावत. त्यांनी कधी पंचाला दोष दिला नाही, कधी वाऱ्यापावसाचे निमित्त केले नाही. हरणाऱ्या माणसाचा इतका नेटका वावर मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

माझ्या बाबतीत गोष्ट अशी झाली. माझे काम वेल्डच्या एक्स-रे फिल्म वाचण्याचे. उजेडाच्या पेटीवर फिल्म लावायची आणि पाइपच्या जोडाच्या आत काय दडले आहे ते शोधायचे. भेग जिथे दिसते तिथे तिचे कारण असतेच असे नाही, हे या कामात पहिल्या वर्षीच शिकावे लागते. त्यामुळे म्हाताऱ्याचा चेंडू चुकीच्या हातात पडे तेव्हा बाकीचे चेंडूकडे पाहत, आणि मी सवयीने पडद्याचा उरलेला भाग पाहत असे. एका शुक्रवारी माझ्या ध्यानात आले, की हिरव्यांच्या डाव्या बाजूचा रक्षक बदललेला आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ फेकताना डावीकडे होते. ती बाजू त्याला दिसत नाही. तिथला रक्षक हेच त्याचे डोळे. जुना रक्षक जायबंदी झाला होता. नवा पोरसवदा गडी प्रत्येक वेळी एक पाऊल मागे रेटला जात होता. म्हाताऱ्याला ते पाठीमागे जाणवत असावे, कारण मागचा पाय जमिनीवर रोवला जाण्याआधीच तो चेंडू सोडत होता. खांदा शाबूत होता. त्याला वेळच मिळत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा पाहिले. पुन्हा तेच दिसले. आणि मी बोललो नाही.

घरी मात्र बोललो. रात्रीच्या जेवणानंतर टेबलावर शंकरपाळ्यांचे दोन संघ मांडून मी पत्नीला सगळे समजावले. डावीकडची शंकरपाळी सरकवली, चेंडूच्या जागी ठेवलेला शेंगदाणा फेकून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"अहो, हे तुम्ही तिथे सांगितलंत?"

"नाही. ते लोक वर्षानुवर्षे पाहताहेत. मी काल आलेला."

"मग मला सांगून काय उपयोग? मी काय कार्ड चढवणार आहे?" असे म्हणत तिने डावीकडचा रक्षक खाऊन टाकला.

असे पाच शनिवार गेले. दर शनिवारी मी मनाशी इंग्रजीत आणि मराठीत वाक्य जुळवून जाई. दर शनिवारी नाशिककराची डायरी उघडे, प्लॅनर हळहळे, चाचा उठत, आणि माझे वाक्य चहाच्या ग्लासात विरघळून जाई. कार्ड दहाव्या खिळ्यावर आले.

हंगामातला शेवटचा शनिवार उजाडला. त्या दिवशी प्लॅनर कॅमेरा घेऊन आला होता. दरवर्षी तो दाराचे छायाचित्र काढून भावाला पाठवी, आणि त्या गावातल्या न्हाव्याच्या दुकानात ते वर्षभर लावलेले असे. चाचांना याचा केवढा अभिमान होता! आपल्या दारावरचा निकाल तिकडे लोक केस कापताना वाचतात, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. आणि आदल्या दिवशीच्या कॅसेटमध्ये हिरवे पुन्हा हरले होते.

"चाचा, खण उघडा," नाशिककर म्हणाला. पण त्याच्याही आवाजात नेहमीचा चेव नव्हता.

चाचा उठले. त्यांनी हिरव्यांचे कार्ड खिळ्यावरून काढले, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि खण ओढला.

"थांबा," मी म्हणालो.

तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी हे बहुधा फार मोठ्याने म्हणालो असावा, कारण काउंटरवर गॅस्केट न्यायला आलेला फिटरही थबकला.

"खांदा ठीक आहे त्याचा," मी म्हणालो. "डाव्या बाजूचा रक्षक बदलला आहे. तेव्हापासून त्याचा पाय रोवला जात नाही." प्लॅनरसाठी मी तेच इंग्रजीतही सांगितले.

"पुणेकर बोलला!" नाशिककर ओरडला. मग त्याने डायरी मिटली. "सिद्ध कर."

प्लॅनर तडक बाहेर गेला. कॅसेट त्याच दिवशी टपालाने परत जायच्या होत्या, म्हणून त्याच्या गाडीतच होत्या. शेजारच्या प्रशिक्षणाच्या खोलीत टीव्ही होता. सुरक्षेच्या फिल्मही अमेरिकेहूनच येत असल्यामुळे तिथल्या व्हीसीआरवर या कॅसेट चालत. चहाची दहा मिनिटे उरली होती. आग लागल्यास काय करावे याच्या तक्त्याखाली आम्ही उभे राहिलो, आणि मी पेन्सिलने पडद्यावर दाखवू लागलो, जसा फिल्मवर दाखवतो तसा. हा रक्षक. हे त्याचे एक पाऊल मागे. हा पाय, अजून हवेत. आणि हा चेंडू सुटला.

नाशिककर गुडघ्यांवर बसला आणि पडद्याला नाक लावून पाहू लागला. "पुन्हा," तो म्हणाला. "पुढचा." मग, "त्याच्या आधीचा." सात चुकलेले पास आम्ही पाहिले. अखेर तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "मी पाय मोजलेच नाहीत कधी. साला, मी फक्त चेंडू मोजत बसलो." स्वतःचा पराभव इतक्या आनंदाने मांडणारा तो माणूस मला त्या क्षणी फार आवडला.

चाचा माझ्याकडे वळले. कार्ड त्यांच्या हातातच होते.

"साहेब, हे कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे!" ते एरवी मला अहोजाहो करत, त्या दिवशी ते अहोजाहो गळून पडले. "अरे मेल्या, पाच आठवडे मी माझ्या हाताने उतरवतोय त्याला, नि तू समोर बसून चहा पितोस?"

मला बोलायला संकोच वाटतो, हे काही उत्तर नव्हे. निदान त्या माणसासमोर तरी नव्हे. मी मान खाली घातली. प्लॅनरला मराठीतले एक अक्षर कळत नव्हते, तरी त्यानेही खाली पाहिले.

मग चाचांनी रिमोट मागितला. शेवटचे दोन पास त्यांनी पुन्हा लावले, आणि एकदा आणखी. "हे दोन बघा," ते म्हणाले. "इथे पाय रोवलेला आहे. वेळ होता. हे दोन त्याचेच."

ते खरे होते. माझ्या उत्साहात मीच ते दोन नीट पाहिले नव्हते.

आम्ही स्टोअरमध्ये परतलो. चाचांनी कार्ड माझ्या हातात दिले. "नियम तो नियम. मला चढवता येत नाही. तू चढव."

मी ते सातव्या खिळ्याकडे नेले.

"आठवा," पाठीमागून चाचा म्हणाले. "ते दोन त्याचे आहेत, सांगितलं ना. सातव्यावर काळा संघ बसलाय, त्यांनी तो खिळा मेहनतीने घेतलाय."

मी आठव्या खिळ्यावर कार्ड लावले. तिथले आणि नवव्यावरचे संघ आमच्यापैकी कुणाचेच नव्हते, ते नाशिककराने एकेक खिळा खाली सरकवले, प्लॅनरने छायाचित्र काढले, आणि चहा संपल्याचा भोंगा झाला. त्या छायाचित्राची एक प्रत माझ्याकडे आहे. कडेला माझ्या बाहीचा थोडा भाग आला आहे.

पुढची दोन वर्षे, चाचा रत्नागिरीला परत जाईपर्यंत, त्या दारासमोर एक नवी रीत पडली. कुणाचेही कार्ड उतरायची वेळ आली, की ज्याचे त्याच्या हाती देण्याआधी चाचा ते खिळ्यावरून काढून धरत आणि माझ्याकडे पाहत. "साहेब, काही सांगण्यासारखं?" अहोजाहो परत आले होते. सगळे थांबत. बहुतेक शनिवारी माझ्यापाशी काहीच नसे, आणि तेही आता मला मोठ्याने सांगावे लागे.

"नाही, चाचा. उतरवा."