सभा उठेपर्यंत

स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं तेव्हा मी साताऱ्याच्या कोर्टात कारकून होतो. वडूजकडची एक म्हातारी दर आठवड्याला व्हरांड्यात येऊन बसे. काळा कोट दिसला की कुणाचाही असो, उठून उभी राही.

तिच्या वस्तीची वाट शेजारच्या जमीनदारानं भिंत घालून अडवली होती. वाट मोकळी करायचा कोर्टाचा हुकूम त्यानं मानला नाही, म्हणून अटकेचं वॉरंट निघालं. पण तो कायदेमंडळाचा सभासद होता. बेलीफ हात हलवत परत आला.

"आजी, मुंबईत सभा भरलीय. ती चालू असताना दिवाणी वॉरंटावर त्यांना धरता येत नाही," मी सांगितलं.

"मग बसू की," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला ती बसली नाही. सुनेचं मूल आडवं आलं होतं. बैलगाडी भिंतीपाशी अडली, आणि झोळीत घालून ओढ्यातून नेईपर्यंत दोन्ही जीव गेले.

"आवं सायेब, सभा उठंस्तवर कळा थांबवायच्या हुत्या व्हय?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

त्याच महिन्यात सभासदानं आपणहून भिंत पाडली आणि वॉरंट रद्द झालं. कोर्टाच्या लेखी तिची तक्रार मिटली होती.