नाव सांगा, साहेब

बकुळामावशीने त्या माणसाला कधी माफ केलं नाही, आणि माफ कर असं मीही तिला कधी म्हटलं नाही. ती आमच्या वॉर्डातली आया, मी सिस्टर. देवापुढे दिवा लावून ड्यूटीला निघणारी बाई आहे मी. पण सगळंच देवावर सोडून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही.

गिरणी संपाचं वर्ष होतं. मावशीचा नवरा साचेवाला, गिरणीत माग चालवायचा. संपात घरची चूल एकवेळच पेटायची, त्यात त्याला ताप भरला. लालबागहून त्याला परळच्या आमच्या हॉस्पिटलात आणलं. तो ग्लानीत, मावशी उशाशी. हेरंब सबनीस नावाचा शिकाऊ डॉक्टर इंजेक्शन भरून घेऊन आला.

"सीताराम ना हा?"

"नाय, नाय," मावशी म्हणाली.

"मग कोण? नाव सांग."

बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशा घरातली ती. कुणी विचारलंच तर शेजारीण सांगायची. चाळीतली शेवंती व्हरांड्यात बसली होती. तिच्याकडून नाव सांगवून घ्यायला मावशी धावली. दोघी आत आल्या तोवर सबनीसने वाट न बघता सुई टोचली होती.

इंजेक्शन पलीकडच्या खाटेवरच्या सीतारामचं होतं, इन्सुलिनचं. उपाशी माणसाला ते कसं सोसणार? मावशीचा नवरा सकाळी उठलाच नाही. चौकशीत सबनीस म्हणाला, "बाईनेच ओळख सांगितली नाही." सगळ्यांना ते पटलं.

पुढच्या वर्षी मावशी त्याच हॉस्पिटलात बदली आया म्हणून लागली.

"तिथेच कशाला गं मरायला जातेस?" शेवंतीने विचारलं.

"त्याला रोज दिसायला."

पण आयाच्या तोंडाकडे कोण बघतं? सबनीस विभागप्रमुख झाला. मावशी त्याच्या पायाखालची लादी पुसत राहिली. हे सगळं तिने मला डबा खाताना सांगितलं. नवऱ्याचं नाव मात्र तेव्हाही घेतलं नाही. 'आमचे हे' एवढंच.

मग बऱ्याच वर्षांनी वॉर्डात कॉम्प्युटर आले. पेशंटच्या मनगटावर रेघारेघांची पट्टी आली. औषधाआधी पेशंटने स्वतः पूर्ण नाव सांगायचं, मग पट्टीवर यंत्र धरायचं. औषध दुसऱ्याचं असलं की कॉम्प्युटरचा पडदा लाल. एकीने विचारायचं, दुसरीने पडदा बघायचा. आमच्यात विचारायचं काम मावशीचं. पहिल्या दिवशी तिने ते यंत्र पदराने पुसलं आणि म्हणाली, "तेव्हा कुठे मेलं होतं हे?"

सबनीस मात्र चेष्टा करायचा. "माझे पेशंट मी चेहऱ्याने ओळखतो. हे असलं बिस्किटाच्या पुड्यावर ठीक!" ज्युनिअर खिदळायचे.

आणि एक दिवस तोच पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होऊन आमच्या वॉर्डात आला. मावशीने ती खोली मागून घेतली. मी नाही म्हटलं नाही.

दुखण्याने तो कळवळत होता. "लवकर द्या गं."

"नाव सांगा, साहेब."

"वेड लागलंय? मला ओळखत नाहीस?"

"मी चांगली ओळखते. यंत्र ओळखत नाय."

"हेरंब सबनीस!"

"पूर्ण."

"हेरंब गोविंद सबनीस," तो दात खात म्हणाला. पडदा हिरवा झाला, मी सुई टोचली.

दर डोसला हेच. शेवटी तो वैतागला. "मजा येतेय वाटतं तुला?"

"येतेय," मावशी म्हणाली. आणि सगळं सांगितलं, संप, ताप, सीतारामची सुई. शेवटी म्हणाली, "बुधाजी आनंदा तांबे." तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. "तेव्हा गर्दीच एवढी असायची. आठवत नाही मला."

सुई धरलेला माझा हात त्याच्या दंडावर होता. तो हलला नाही, ही देवाचीच कृपा.

"नाय आठवत?" मावशी म्हणाली. "मी करून देते आठवण."

तेव्हापासून त्याने स्वतःचं नाव सांगितलं, की मावशी नवऱ्याचं घ्यायची. मोठ्याने, पूर्ण. तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. तक्रार तरी काय करणार? औषध वेळेवर, ज्याचं त्यालाच मिळत होतं.

घरी सोडायच्या दिवशी मुलगा बॅग घेऊन आला, ज्युनिअर फुलं घेऊन. मनगटाची पट्टी कापणं मावशीचं काम. तिने कात्री पट्टीत घातली.

"नाव सांगा, साहेब."

"हेरंब गोविंद सबनीस." सगळे हसले. कात्री मिटली नाही.

"आता त्यांचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"बुधाजी," तो पुटपुटला.

"पूर्ण."

"बुधाजी... आनंदा तांबे."

"कोण हे, बाबा?" मुलाने विचारलं.

मावशीने पट्टी कापली. "घरी जाऊन सांगा त्याला," ती म्हणाली, आणि खाटेवरची चादर ओढायला लागली.